निकाल लागण्याआधी

मराठी वाचकाला तुरुंग माहीत आहे तो पुस्तकांतून, आणि ती ओळख मोठी मानाची आहे. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' पुरी केली. अंदमानातला कोलू तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्यामुळे 'आत जाऊन आलेला माणूस' म्हटलं की आपल्या आजोबांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर गांधीटोपी यायची. त्याच तुरुंगांत, पलीकडच्या बराकीत, तेव्हाही पाकीटमार होते, हातभट्टीवाले होते, बांधाच्या भांडणात कोयता उचललेले होते, आणि काही न करताच धरून आणलेलेही होते. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. लिहिता येणारे त्यांच्यात फार थोडे होते, आणि ज्यांना येत होतं त्यांचं छापणार कोण?

हे पुस्तक त्या पलीकडच्या बराकीविषयी आहे. त्यात गाजलेले खटले नाहीत, टोळीप्रमुख नाहीत, फाशीच्या कोठडीतली शेवटची रात्रही नाही. ते सगळं दूरचित्रवाणीवर पुरेसं मिळतं. इथे आहे तो कच्चा कैदी. सरकारी कागदावर त्याला 'न्यायाधीन बंदी' म्हणतात. आतली माणसं आणि त्यांच्या घरचे 'कच्चा' आणि 'पक्का' एवढंच बोलतात. पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. कच्चा म्हणजे ज्याचा निकाल अजून लागायचा आहे.

एक आकडा सुरुवातीलाच सांगून टाकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांची एकूण क्षमता होती ४,३६,२६६ आणि आत माणसं होती ५,७३,२२०. यातले कच्चे कैदी ४,३४,३०२. पहिली आणि तिसरी संख्या शेजारी ठेवून पाहा. देशातला प्रत्येक तुरुंग नुसत्या कच्च्या कैद्यांनीच काठोकाठ भरला असता, आणि ज्यांचा गुन्हा कोर्टात शाबित झाला आहे त्यांच्यासाठी सबंध देशात जेमतेम दोन हजार जागा उरल्या असत्या. तुरुंग शिक्षा भोगण्यासाठी असतात, ही आपली समजूत इथेच मोडते. आपले तुरुंग आज प्रामुख्याने वाट पाहण्याच्या जागा आहेत. वाट कधी महिन्याची असते, कधी वर्षांची. पाच वर्षांहून जास्त काळ निकालाविना आत असलेले त्या वर्षी अकरा हजारांच्या वर होते.

कच्च्याची गंमत अशी (गंमत हा शब्द नाइलाजाने वापरतो) की कायद्याच्या नजरेत तो निर्दोष आहे आणि सवलतींच्या हिशेबात पक्क्याच्या खाली. पक्क्या कैद्याला काम मिळतं, कामाचा थोडाफार मोबदला मिळतो, चांगल्या वागणुकीची माफी शिक्षेतून वजा होते. महाराष्ट्रात त्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मागता येते, म्हणजे फर्लो आणि पॅरोल. कच्च्याला यातलं काही नाही. त्याची शिक्षाच ठरलेली नाही, मग सूट कशातून देणार? त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही हे खरं, पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की तो दिवसभर रिकामा बसतो. पक्क्याला निदान सुटकेची तारीख माहीत असते. कच्च्याला माहीत असते ती पुढची तारीख, आणि त्या तारखेला पोलीस गार्ड मिळाला नाही की तीही हुकते. हल्ली व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, हजेरी लागते. पडद्यावर काही सेकंद तोंड दाखवायचं, आवाज आला तर आला, आणि बराकीत परत. आपल्या खटल्यात आज काय झालं हे अनेकांना संध्याकाळपर्यंत कळलेलं नसतं.

बराकीतला दिवस लवकर संपतो. संध्याकाळी उजेड असतानाच गिनती होते, बराक बंद होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तीच माणसं, त्याच भिंती, तोच कोपऱ्यातला संडास. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता वर्षानुवर्षं ८०४ धरली जात होती. आत तीन हजारांहून अधिक माणसं असणं ही तिथली नेहमीची गोष्ट. अशा बराकीत झोपण्याची जागा वितीवर मोजतात. कुशीवर झोपायचं, एकाने कूस बदलायची तर शेजारच्यालाही बदलावी लागते. संडासाजवळची जागा नव्या आलेल्याला, पंख्याखालची जुन्याला किंवा पैसेवाल्याला. खरूज आणि खोकला मात्र सगळ्यांना सारखाच. २०२२ मध्ये देशभरातल्या तुरुंगांत ११९ कैद्यांनी आत्महत्या केली. त्या प्रत्येक बराकीत त्या रात्री आणखी कितीतरी माणसं जागी होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तिथेच झोपायचं होतं. त्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात येत नाही.

तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांबद्दलही इथेच बोलून घेतो, कारण अशा पुस्तकात त्यांना खलनायक करून टाकणं फार सोपं असतं. देशात तुरुंग कर्मचाऱ्यांची जवळपास तीस टक्के पदं रिकामी आहेत. एक शिपाई शंभरावर माणसांची बराक सांभाळतो तेव्हा त्याला सुधारणा-पुनर्वसन काही सुचत नाही. गिनती बरोबर भरली की त्याची ड्युटी झाली. याचा अर्थ सगळं माफ, असा नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात अंडी-पाव कमी पडल्याच्या कारणावरून एका बंदिनीला झालेली मारहाण आणि तिचा मृत्यू महाराष्ट्र विसरलेला नसावा. त्या मृत्यूची वाच्यता झाली ती आतल्या बायकांनी गच्चीवर चढून आकांत केला म्हणून.

आता मूळ प्रश्नावर येऊ. निकाल लागायचा असतानाही माणूस आत का राहतो? गंभीर गुन्हा असेल, तो पळून जाण्याची किंवा साक्षीदारांना धमकावण्याची भीती असेल तर त्याला आत ठेवणं समजू शकतं. मोक्का, यूएपीए, अमली पदार्थांचा कायदा यांत तर जामिनाचं दार मुळातच अरुंद ठेवलेलं आहे, तो वाद वेगळा. पण या पुस्तकातली बरीच माणसं आत आहेत ती जामीन नामंजूर झाला म्हणून नव्हे. जामीन मंजूर झाला आहे. आदेश फाईलला लागला आहे. तरी माणूस आतच.

हे कसं घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. समजा नवी मुंबईतल्या बांधकामावर काम करणारा जालन्याकडचा एक पोरगा मोबाईलचोरीत सापडला. कोर्ट म्हणतं, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आदेश उदार आहे, न्यायाधीशाला नावं ठेवायला जागा नाही. आता जामीनदार शोधा. त्याच्याकडे रेशनकार्ड पाहिजे, आधार पाहिजे, राहत्या घराची करपावती किंवा सातबारा किंवा नोकरीची पगारपत्रकं पाहिजेत. कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात, कुठे जामीनदार स्थानिकच हवा म्हणतात. पोराच्या ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच, साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारे. गावाकडे चुलत्याच्या नावावर दोन एकर आहे, पण सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा. चुलता एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने रात्रभर प्रवास करून येतो. कारकून कागद पाहतो आणि सांगतो, उतारा जुना आहे, नवा आणा. कोर्टाच्या आवारात भाडोत्री जामीनदार मिळतात, त्यांचा दर असतो आणि कागदपत्रं बऱ्याचदा बनावट. तो मार्ग धरला तर एका गुन्ह्याचे दोन होण्याची शक्यता. पोरगा आतच राहतो.

हे काही नवं दुखणं नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण आलं. मध्य प्रदेशातला माणूस. त्याला जामीन खुद्द सर्वोच्च न्यायालयाने दिलेला. खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याला नाकारलं. कारण काय, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे! न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं आणि गरिबाकडून असा जामीन मागण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर साडेचार दशकांनी, जानेवारी २०२३ मध्ये, त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला की जामीन मिळून महिना झाला आणि माणूस सुटला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. त्या वेळी देशभरात असे पाच हजारांच्या आसपास कैदी आढळले होते. केंद्राने त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्यासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत तेव्हा त्यात ठेवली होती. पण मोबाईलचोरीतल्या त्या पोराला पैसे नकोच होते. त्याला हवा होता एक सातबारावाला ओळखीचा माणूस, आणि तो कुठल्या योजनेतून येणार?

आर्थर रोडच्या दाराबाहेर एक पेटी आहे. सुटकेचे आदेश त्या पेटीत टाकायचे आणि ठरलेल्या वेळांना ती उघडायची, अशी तिथली रीत. संध्याकाळची वेळ हुकली की माणूस आणखी एक रात्र आत. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका सिनेनटाच्या मुलाची सुटका या पेटीमुळे लांबली तेव्हा कुठे देशाला तिचं अस्तित्व कळलं, चर्चा झाली, आणि पुढच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची व्यवस्था सुरू केली. चांगलं झालं. इतकी वर्षं त्या पेटीपायी ज्यांच्या रात्री वाया गेल्या त्यांना सिनेनट बाप नव्हता, एवढंच.

तुरुंगाच्या भिंतीबाहेर जे घडतं ते माझ्या मते आतल्याहून मोठं आहे, आणि त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. मुलाकातीच्या दिवशी कुठल्याही मध्यवर्ती कारागृहाबाहेर सकाळी जाऊन पाहा. रांगेत बायका जास्त. हातात आधारकार्डाची झेरॉक्स, कडेवर पोर, पिशवीत कपडे. आत काय न्यायला चालतं आणि काय नाही याचे नियम प्रत्येकीला पाठ, कारण प्रत्येकीची एक तरी वस्तू कधीतरी दारातून परत आलेली. नंबर लागला की जाळीपलीकडून किंवा काचेच्या तुकड्याला लावलेल्या फोनवरून काही मिनिटं. त्यात वकिलाची फी, घरमालकाचा तगादा, सासूचं दुखणं आणि पोराची शाळा एवढं सगळं बसवायचं. एका मुलाकातीला एक दिवसाचा खाडा. धुणंभांड्याची दोन घरं सुटतात. मंगळसूत्र आधीच गहाण पडलेलं असतं. मग कँटीनसाठी मनीऑर्डर, मग तारखेचा खर्च. चोरी झाली असेल दहा हजारांच्या मोबाईलची, पण घराने मोजलेले पैसे कधीच त्याच्या पुढे गेलेले असतात. शिवाय शिक्षा अजून व्हायचीच आहे!

नवरा आत गेला तर बायको रांगेत उभी राहते. बायको आत गेली तर रांगेत सहसा कुणी नसतं, बहुतेक वेळा माहेरही पाठ फिरवतं. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. सहा वर्षांच्या आतलं मूल आईजवळ आत राहू शकतं. अशी सतराशेच्या वर मुलं तेव्हा तुरुंगात राहत होती. सहाव्या वर्षानंतर त्यांनी कुठे जायचं हा प्रश्न प्रत्येक आईपुढे वाढदिवसाच्या तारखेनिशी उभा असतो. पोलीस कोठडीतल्या बायकांसाठी वेगळी जागा आणि पहाऱ्याला महिला पोलीस हवेत हे १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तेही पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांशी बोलून न्यायालयाला पत्र लिहिलं म्हणून. महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत अलीकडे 'गळाभेट' होते; जाळी नाही, काच नाही, मुलांना बापाच्या मांडीवर बसता येतं. हा उपक्रम ज्याला सुचला त्याला मनापासून दाद द्यायला हवी.

सुटल्यानंतरचं तर विचारूच नका. निर्दोष सुटला तरी हातचं काम गेलेलं असतं. सुरक्षारक्षक, डिलिव्हरी, कंपनीतली कंत्राटी नोकरी, सगळीकडे पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते आणि खटला चालू असेपर्यंत त्या कागदावर त्याची नोंद येते. वस्तीत पुढची चोरी झाली की जीप आधी त्याच्याच दारात. तिसऱ्या-चौथ्या वेळी माणूस खरोखरच त्या धंद्यात शिरलेला असतो. बराकीत ओळखी झालेल्या असतात आणि बाहेरच्या ओळखी तुटलेल्या असतात. यात समाजाचं नुकसान कोणतं, हे वेगळं सांगायला नको.

जीप कुणाच्या दारात आधी जाते याला इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही त्याची आपल्याकडची खूण. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पारध्याच्या पालावरची धाड काही थांबली नाही. तुरुंगात ही वर्गवारी कामाच्या वाटणीतही उतरली होती. स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी धुवायचे हे जातीवरून ठरवणाऱ्या तरतुदी अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत छापील स्वरूपात होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांनी त्या उजेडात आणल्या आणि त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. प्रजासत्ताकाची पंच्याहत्तरी भरत आली तेव्हाची ही गोष्ट आहे.

न्यायालयांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांची हकिगत वर्तमानपत्रात लिहिली ती के. एफ. रुस्तमजी यांनी. माणूस पोलीस खात्यातला, सीमा सुरक्षा दलाचा पहिला प्रमुख, जन्म आपल्या नागपूरजवळच्या कामठीचा. त्या लेखांवरून वकील कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकली असती त्याहून अधिक काळ लोक निकालाविना आत होते. खटला वेगाने चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तिथे ठरलं. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ हे कलम आलं: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामीन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच सोडायचं आणि अर्ज तुरुंग अधीक्षकानेच करायचा, असं आहे. वाचायला उत्तम. पण त्याच कलमात एक पोटकलम आहे: ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित आहेत त्याला हा लाभ नाही. पारध्याच्या तरुणावर, फुटपाथवरच्या पोरावर, एकदा पोलिसांच्या यादीत नाव गेलेल्या कुणावरही एकच प्रकरण असतं कधी? ज्यांच्यासाठी कलम हवं होतं नेमके तेच वगळले गेले. मला हा निष्काळजीपणा वाटत नाही. यादीवरच्या माणसाविषयीचा जुना संशयच नव्या कायद्यात तसाच उतरला आहे.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की ज्याची चोरी झाली, ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्याचं काय? त्याच्यासाठीही हा तुरुंग काही करत नाही. आरोपी आत बसला म्हणून खटला पुढे सरकत नाही. साक्षीदार गाव सोडतात, पंच फितूर होतात, तपास अधिकारी बदलून जातो. आठ वर्षांनी निकाल लागतो तो बऱ्याचदा 'पुराव्याअभावी'. मग आरोपीची आठ वर्षं गेली आणि फिर्यादीला न्यायही मिळाला नाही. कडक शिक्षेची मागणी करणाऱ्यांनीच खरं तर सर्वांत आधी न्यायाधीशांच्या रिकाम्या जागांवरून रस्त्यावर यायला हवं.

तुरुंग वाढवा, हा उपाय दर काही वर्षांनी पुढे येतो. २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी न्यायाधीशांसमोरच या मागणीबद्दल शंका व्यक्त केली, आणि लिहून आणलेलं भाषण संपवून त्या बोलल्या होत्या. कोविडच्या काळात गर्दी कमी करायची म्हणून महाराष्ट्रातून हजारो कैदी सोडले गेले. त्यामुळे राज्य बुडालं नाही. वेगळा तुरुंग कसा असू शकतो हे पाहायचं तर आपल्याला नॉर्वेला जायची गरज नाही. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूरची खुली वसाहत स्वातंत्र्याआधीच उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती आणि कुटुंब. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. सिनेमा बर्लिनला गौरवला गेला, गाणं शाळाशाळांत प्रार्थना म्हणून गाइलं जाऊ लागलं, आणि वसाहत अपवाद म्हणून राहिली. पैठण, मोर्शी, विसापूर इथे खुली कारागृहं आहेत. पण तिथे जाण्याची पहिली अट म्हणजे शिक्षा झालेली असणं. कच्च्याला तेही नाही.

पुढच्या पानांत जे बोलतात त्यांतल्या सगळ्यांचंच म्हणणं मला पटलेलं नाही. काहींनी खरोखर वाईट कृत्यं केली आहेत आणि त्यांनी ती लपवलेलीही नाहीत. वाचकाने त्यांची कीव करावी अशी अपेक्षा नाही. एक विनंती मात्र आहे. नात्यातला, चाळीतला, कामावरचा कुणी जामिनावर सुटायचा असेल आणि जामीनदारासाठी तुमच्याकडे येईल, तर ऐकताक्षणी हात वर करू नका. जामीन राहणं म्हणजे त्याच्या गुन्ह्याला पाठिंबा नव्हे. तो तारखेला हजर राहिला नाही तर ठरलेल्या रकमेपुरते तुम्ही बांधील, एवढीच ती जबाबदारी असते. माणूस भरवशाचा वाटला आणि रक्कम झेपण्याजोगी असली तर ताजा सातबारा काढा, रेशनकार्ड घ्या आणि कोर्टात जाऊन उभे राहा. आणि तुम्हाला जमत नसेल तर त्याच्या घरच्यांना जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचं दार दाखवा. तिथे कैद्याला वकील फुकट मिळतो, आणि हे त्या रांगेतल्या बहुतेक बायकांना आजही कुणी सांगितलेलं नसतं.